मुलीकडची

नवीन पनवेल
१२ जानेवारी १९९५

रुचिरा,

शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. चिपळूणच्या घरी पाठवलेली दोन्ही पाकिटं निनादने न फोडता परत केली. त्याचा मला राग नाही. बहीण अशी माहेरी आल्यावर भावाने असंच वागायला हवं.

लिहायला तसं कारण काही नाही. संक्रांत आली, आणि इरा तिळाच्या वड्यांचे नुसते कोपरे मोडून खायची ते आठवलं. सोबत थोड्या वड्या आहेत. बाबांनी केल्यात. पाक जास्त झाला, तेव्हा इराला म्हणावं दात सांभाळ. बाबा कधीपासून ओट्याशी उभे राहायला लागले, असं तुला वाटेल. रिटायर झाल्यावर त्यांचा वेळ जात नाही, म्हणून. मलाही जरा थकवा असतो. पन्नाशी उलटली की व्हायचंच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक दिलंय. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "काय सुमतीताई, किती उजळलात हो! काय लावता?" मी म्हटलं, काही नाही. पण मनातून बरं वाटलं.

सत्यजीतचं पुण्यातल्या त्या बाईशी असलेलं प्रकरण कळलं तेव्हा तुझी बॅग मी भरली होती. इथे कुढत बसू नकोस, जा, असं मीच म्हणाले होते. आजही तेच म्हणेन. पण जा म्हणजे माझ्यापासूनही जा, असं नव्हतं ते. सहा वर्षं आपण दोघी एका ओट्यावर राबलो. तो नोकरीपायी पुण्याला, शनिवार-रविवारचा पाहुणा. या घरात खऱ्या राहत होतो त्या आपण.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पाकीट तेवढं परत पाठवू नकोस.

आई


नवीन पनवेल
२० मार्च १९९५

रुचिरा,

पाकीट परत आलं नाही. तेवढ्यावर मी दोन महिने खूश आहे.

अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हाताला पट्टी आहे. विशेष काही नाही, सुई टोचली होती.

बरं, लिहूनच टाकते, नाहीतर तू भलतंच काहीतरी समजशील. टॉनिकच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या तरी रक्त वाढेना. उलट कमीच. पोळी लाटता लाटता कानात समुद्र वाजायला लागायचा आणि लाटणं हातात तसंच राहायचं. एकदा गावातून भाजी घेऊन येताना विश्राळे तळ्याच्या कठड्यावर टेकले ती टेकलेच. शेवटी बाबा शोधत आले. मग त्यांनी मला परळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला, तपासायला. दुखतं, पण बाळंतपणाइतकं नाही. बाहेर येते तर बाबा बाकावर बसलेले, माझ्या चपला मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "अहो, खाली ठेवा की त्या."

"कोणी नेल्या असत्या म्हणजे?"

एवढा मोठा अधिकारी होता हा माणूस वीज मंडळात!

रिपोर्ट यायचा आहे. काही निघणार नाही. इराला यातलं सांगू नकोस. ती आता दुसरीत ना? पाढे कुठवर आले?

आई


नवीन पनवेल
२ जून १९९५

रुचिरा,

तुझ्या पाकिटात इराचं चित्र निघालं, आणि तुझी एक ओळ. "आई, खरं काय ते लिहा." चित्रातली आजी हिरव्या साडीत आहे आणि तिचे हात गुडघ्यांच्या खाली पोचतात. कपाटाच्या दारावर लावलंय.

तर खरं काय ते. रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं, हे मला या वयात कळलं. माझ्या मगजातच बिघाड आहे. आजाराचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते बाबांनी पाठ केलंय, मी नाही. डॉक्टर सांगत होते, मगज काम भरपूर करतो, पण रक्ताच्या पेशी धड तयार होण्याआधीच मरून जातात. मी म्हटलं, "म्हणजे विरजण तर लावलंय, पण दही लागत नाही." ते हसले, म्हणाले, "तसंच समजा." यावर औषध असं नाही. रक्त कमी झालं की बाहेरून भरायचं. पुढे आजार बळावू शकतो. कधी, ते त्यांना सांगता येत नाही. मी विचारलं होतं.

तीन-चार आठवड्यांनी दोन बाटल्या चढवतात, इथल्याच नर्सिंग होममध्ये. रक्त मुंबईच्या रक्तपेढीतून बर्फाच्या डब्यातून आणायचं, आणि आणलं तेवढं आपल्यातल्या कुणीतरी तिथे द्यायचं. त्यात माझा गट बी निगेटिव्ह, सहज न मिळणारा. पहिल्या बाटलीला मला थंडी वाजून ताप भरतो, मग इंजेक्शन देतात, मग मी झोपते. आणि दुसऱ्या दिवशी काय सांगू तुला! भूक लागते. हिरड्या लाल दिसतात. बाबांशी भांडायची ताकद येते, आणि मी भांडून घेते. आठ-दहा दिवस राज्य माझं असतं. मग हळूहळू उतरण. शेवटी शेवटी वेणी घालायला हात वर केले तरी धाप लागते, तेव्हा बाबा घालतात. त्यांना तीन पेड काही जमत नाहीत, दोराला देतात तसा पीळ देतात.

गंमत म्हणजे ज्याला त्याला मला लोह खाऊ घालायचंय. बीट काय, खजूर काय, गूळ-शेंगदाणे काय! आणि मला नेमकं तेच मना आहे. प्रत्येक बाटलीबरोबर अंगात लोह जातं आणि साठून बसतं, वापरणारं कुणी नाही. गव्हाणची गोदूबाई आठवते ना, आपल्याकडे मासळी घेऊन येणारी? तिला माझं कळलं तशी पाटी दारात ठेवून म्हणाली, "माजा रगत घ्या ना बाय. आमी मासली खानारी मानसं, आमाला काय कमी हाय?" आणि खरंच गेली बाबांबरोबर मुंबईला, नवं लुगडं नेसून. तिथे बोटातून थेंब काढून पाहिला तर तिचंच रक्त कमी! परत पाठवली. येताना रडली म्हणे. आता घरात येणारा सगळा खजूर-गूळ मी तिला देते. ती माझ्यासमोर बसून "तुमच्या नावाचा खाते" म्हणत खाते, आणि मी बघत बसते. तिचं रक्त वाढलं तर मला आनंदच आहे, दोघींपैकी एकीचं तरी वाढू दे.

मग रक्त देतं कोण, असं तुझ्या मनात येईलच. सोसायटीतली माणसं देतात, बाबांच्या ऑफिसातली देतात. आणि सत्यजीत देतो. त्याचा गट माझाच. पुण्याची नोकरी सोडून तो इथे आलाय, तळोजाच्या एका कंपनीत लागलाय. एकटा आहे. ती बाई आता त्याच्या आयुष्यात नाही. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, दुसरं काही मनात ठेवून नाही.

आई


नवीन पनवेल
५ नोव्हेंबर १९९५

रुचिरा,

तुम्ही दोघी गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय. दिवाळीला याल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सत्यजीत अलिबागला मित्राकडे गेला तो आपणहून, मी सांगितलं नव्हतं. आणि इराला भेटायला तो दर महिन्याला चिपळूणला येतो, स्टँडवर तिला आइसक्रीम देऊन त्याच पावली परत फिरतो, हे मला तुझ्याकडून कळलं. माझ्याशी एका शब्दाने बोलला नव्हता.

ग्रहणाच्या सकाळी इरा माझ्या छातीचा एक्स-रे डोळ्यांपुढे धरून गच्चीत उभी होती. "आजी, तुझ्या बरगड्यांतून सूर्य दिसतोय!" बाबा खालून ओरडत होते की ग्रहणात खाऊ नये, आणि ही आपली चकली खातेय. खाता खाता म्हणाली, "कमलाकरकाका मला काळा चष्मा आणून देणार होते." मी विचारलं, कोण गं हे काका? तर तुझ्या शाळेत गणित शिकवतात, स्कूटरवरून गोवळकोटला नेतात, आणि त्यांच्याशी बोलताना आई हसते. पोरीच्या तोंडून गेलं, तिला रागावू नकोस.

तू चार दिवस होतीस. माझ्या केसांना तेल लावलंस, बाटल्या चढत होत्या तेव्हा माझे पाय चेपत बसलीस, पण हे बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. आता लिहिते.

ऐकलं तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. का, ते सांगते. मला आशा होती. सत्यजीत परत आलाय, शहाणा झालाय, मी अशी आजारी, तू मला बघायला येशील, येत राहशील, आणि एक दिवस बॅग घेऊनच येशील. पत्र लिहायला बसले की ही आशा माझ्या खुर्चीमागे उभी असायची. मागच्या पत्रात "दुसरं काही मनात ठेवून नाही" असं लिहिलं ना, तेव्हाही होती.

मग तोंड धुतलं. बाहेर आले तर तू पुऱ्या तळत होतीस आणि बाबांच्या कसल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसलीस. तुझं हसणं मी विसरूनच गेले होते. बत्तीस म्हणजे काय वय आहे का? माझ्या आजाराचा गळ करून मी तुला ओढत बसले, तर मी कसली आई!

तुझी आई असती तर तिने विचारलं असतं ते मी विचारते. माणूस कसा आहे? घरी कोण कोण? रागावला की काय करतो? इराशी तू समोर नसताना कसा वागतो? सविस्तर लिही.

आई


नवीन पनवेल
१८ मार्च १९९६

रुचिरा,

कोर्टाचा निकाल लागला हे सत्यजीतकडून कळलंच होतं. तो घरी येऊन जेवला, ताट घासून ठेवलं आणि झोपला. चार दिवसांपूर्वी तुझं पत्र आलं. एकोणीस मे. "तुम्ही या असं म्हणायचा मला हक्क नाही," असं लिहिलंयस. बरं, नको म्हणूस. मी येणार आहे.

परवा डॉक्टरांना सांगून आले. म्हटलं, "एकोणीस मेला मला चिपळूणला लग्नाला जायचंय. मी तिथे उभी राहिले पाहिजे, बसून नाही. त्या हिशेबाने रक्त द्या."

म्हणाले, "एसटीचा एवढा प्रवास, कशेडीचा घाट, मे महिना! कुणाचं लग्न आहे एवढं?"

"सुनेचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"बरं," डॉक्टर म्हणाले, "आधी दोन दिवस चढवू. लग्नाच्या दिवशी तुम्ही नवरीपेक्षा लाल दिसाल."

घरी येऊन मात्र बाबा बोलले. "लोक काय म्हणतील ते सोड, सुमती. आपला मुलगा या घरात आहे. त्याची बायको दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालणार, आणि तू अक्षता टाकणार? त्याने तुझ्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं?"

मी म्हटलं, "ती आता त्याची बायको नाही. माझी मात्र कोणीतरी आहे. ते कोर्टाने मला विचारलं नाही."

त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. दोन दिवस झाले, गप्पच आहेत. वेणी मात्र घालून देतात.

तुझ्यासाठी साडी घेऊन ठेवते. मोरपंखी चालेल ना? हिरवी नको म्हणाली होतीस मागे.

आई


नवीन पनवेल
११ मे १९९६

रुचिरा,

हे पत्र मी सांगतेय आणि बाबा लिहून घेतायत. हात थरथरतो.

मी येईन असं लिहिलं होतं, पण आता जमेलसं दिसत नाही. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्तदानाची शिबिरं बंद, आणि माणसं गावाला. रक्तपेढीत माझ्या गटाची एकही पिशवी नाही. बाबा दोनदा जाऊन आले. हिमोग्लोबिन पाचच्या खाली आलंय. उठून बसले की डोळ्यांपुढे काळं येतं. काल दोन ओळखीच्यांनी येतो म्हणून सांगितलं आणि आले नाहीत. त्यांना तरी काय बोलणार? हक्काचं थोडंच आहे!

साडी पोस्टाने पाठवते. त्या दिवशी माझ्यासाठी थांबू नका. तू रडू नकोस, काजळ पसरतं तुझं.

सुखी हो.

आई

ता. क. वरचा मजकूर हिने सांगितला तसा लिहिला आहे. साडी पोस्टाने पाठवलेली नाही. हिला मी घेऊन येतो. — दीनानाथ


नवीन पनवेल
२९ मे १९९६

रुचिरा,

नवं घर लागलं का? लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. तू पाया पडलीस तेव्हा मला पुष्कळ काही सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं काय, तर "फुलं नीट टोच, पडतायत." आता सवडीने लिहिते.

पहिली गोष्ट. हॉलच्या दारात अत्तर लावायला एक बाई उभ्या होत्या, कमलाकरच्या मावशी असाव्यात. त्यांनी हसून विचारलं, "आपण कुणाकडच्या? मुलाकडच्या की मुलीकडच्या?" बाबा पटकन माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मुलीकडची."

"कोण लागता?"

याचं उत्तर मी तयार करून आणलं नव्हतं. तेवढ्यात निनाद मागून आला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि आपण आल्या पावली परत. तो म्हणाला, "ताईच्या आई आहेत," आणि माझ्यासाठी पंख्याखाली खुर्ची ओढायला गेला. मी बसले नाही हं. तू पाहिलंस ना? मंगलाष्टकं संपेपर्यंत उभी होते. पंगतीत जिलबीसुद्धा वाढली. आग्रह करकरून वाढली.

आता दुसरी गोष्ट. ही तुला सांगायची नाही असं मला बजावलं गेलंय, पण मी सांगणार आहे.

बाबांनी तुला ता. क. लिहिलं तेव्हा रक्ताचा पत्ता नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो. सत्यजीत कामावरून आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "मला का नाही विचारलंत?"

बाबा म्हणाले, "तू फेब्रुवारीत दिलंयस."

"त्याला तीन महिने झाले."

मग मीच म्हटलं, "सत्या, कशासाठी हवंय ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. इराने सांगितलंय."

बूट काढता काढता खाली बघूनच त्याने विचारलं, "किती वाजता आहे?"

"अकराला."

"मग आदल्या दिवशीच जा. सकाळची एसटी पकडून तिथे जाऊन उभं राहवणार नाही तुला. आणि पुढची सीट घ्या, मागे आदळतं."

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून मुंबईला गेला. त्याचं रक्त त्यानेच डब्यात घालून आणलं. दुसरी पिशवी रक्तपेढीने कुठूनतरी मिळवून दिली, त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळणार नाही. पहिली चढायला लागली ती सत्यजीतची. नेहमीसारखी थंडी वाजेल म्हणून नर्स घोंगडी घेऊन तयार होती. वाजली नाही. तो कॉटशेजारी स्टुलावर बसून थेंबांकडे बघत होता. मी म्हटलं, "घरी जा, तुला चक्कर येईल." म्हणाला, "संपू दे." मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "आई, मी तिला फार त्रास दिला." मी नाही कशाला म्हणू? मी "हो" म्हटलं, आणि मोकळा होता त्या हाताने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पस्तिशीचा घोडा आहे, पण केस अजून लहानपणासारखेच उभे राहतात.

चिपळूणहून परतलो तेव्हा तो पनवेल स्टँडवर आला होता. पिशव्या घेतल्या, जेवणाखाण्याचं विचारलं. रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाला, "कशी दिसत होती?"

"छान दिसत होती. मोरपंखी नेसली होती."

"आणि इरा?"

"दोघांच्या मधे बसून जेवली. पोटभर."

त्याने मान हलवली. घर येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला. त्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं.

तो तुझा चांगला नवरा झाला नाही. यात तुझं-माझं दुमत नाही, आणि त्याचंही नाही. हे तुझ्यावर ओझं म्हणून लिहीत नाही. तुझ्या लग्नात मी कशाच्या बळावर उभी होते ते तुला माहीत असावं, असं मला वाटलं. एवढंच.

आता ते बळ ओसरायला लागलंय. हे पत्र मी तीन वेळा थांबून लिहिलं. पुढच्या आठवड्यात परत बाटल्या. त्याची सवय झालीय. शाळा सुरू व्हायच्या आत इराला थोडे दिवस पाठव. आणि पोचवायला तू एकटी येऊ नकोस, कमलाकरला घेऊन ये. उभ्या उभ्या जायचं नाही, जेवूनच जायचं. मी सत्यजीतला विचारलं, त्या दिवशी तू कुठे जाशील? तर म्हणाला, "कुठे कशाला? गोदूबाईला सांगून चांगली पापलेटं आणतो."

कमलाकर मासे खातो ना, तेवढं आधी कळव.

आई